मुलांच्या पहिल्या हरीण-शिकारीसाठी कमी धक्क्याची रायफल : निवडीचा योग्य क्रम

दर वर्षी ऑक्टोबर तोंडावर आला, की अमेरिकेतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला ठरलेला प्रश्न येतो: मुलीने किंवा मुलाने हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केला आहे, हरणांचा सीझन जवळ आला आहे, तर रायफल कोणती घ्यावी? अडचण अशी, की विचारणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी रायफल आधीच घेतलेली असते. ती दुकानातली सर्वांत हलकी असते, कारण मूल लहान आहे. आणि तिच्यात काडतूस मात्र मोठ्या माणसाचे असते, कारण हरीण पडले पाहिजे. मूल रेंजवर दोन बार काढते आणि तिसऱ्या वेळी ट्रिगर ओढण्यापूर्वी डोळे मिटून घेते. ही सवय एकदा लागली की ती मोडायला एक हिवाळा पुरत नाही.

बारा वर्षांच्या मुलाला बसणारा धक्का काडतुसाइतकाच रायफलचे माप, तिचे वजन आणि कानावर येणारा आवाज यांवर अवलंबून असतो. म्हणून खरेदीची सुरुवात मुलाच्या मापाने करायची आणि काडतुसाचे नाव मागाहून ठरवायचे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, तो क्रम बदलू नये.

हा लेख अमेरिकेतील परवानाधारक शिकारीपुरता आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी यातले काही तिकडे लागू करू नये.

टप्पा १ : आधी कायदा, मग दुकान

आपल्या लोकांची पहिली चूक दुकानात शिरण्यापूर्वीच होते. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास केंद्रीय कायद्याची सर्वसाधारण बंदी आहे. या बंदीला जे अपवाद आहेत, त्यांपैकी सामान्य कुटुंबाच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील राज्याने दिलेले चालू मुदतीचे हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की तो अपवादही संपतो, आणि रेंजवर मित्राची रायफल पाच मिनिटे हातात घेणे हासुद्धा ताबा ठरू शकतो. आईवडिलांचा व्हिसा आणि मुलाचा दर्जा वेगवेगळा असेल, म्हणजे मूल इथे जन्मलेले नागरिक आणि पालक एच-१बीवर असतील, तर प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ग्रीन कार्डाची फाइल चालू असताना या बाबतीत अंदाजाने वागू नये. इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्यावे. ग्रीन कार्ड हाती आल्यावर ही विशिष्ट बंदी लागू राहत नाही.

परवानाधारक दुकानदार अठरा वर्षांखालील व्यक्तीला रायफल विकू शकत नाही, म्हणून खरेदी पालकाच्या नावावर होते आणि ४४७३ क्रमांकाचा फॉर्म पालकच भरतो. त्या फॉर्मवर व्हिसाविषयी स्पष्ट प्रश्न असतो, आणि त्याचे खोटे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

यानंतर राज्याचे नियम पाहावेत. हंटर एज्युकेशन कोणाला सक्तीचे आहे हे बहुधा जन्मतारखेवर ठरते: विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. म्हणजे मुलाबरोबर शिकार करायची तर बहुतेक आईबाबांनाही हा कोर्स करावा लागू शकतो, आणि ते चांगलेच आहे. काडतुसाचे नियमही राज्यागणिक बदलतात. विस्कॉन्सिनमध्ये .२२ इंच व्यासाचे सेंटरफायर (ज्याच्या बुडाच्या मध्यावर ठोका पडतो असे) काडतूस चालते, व्हर्जिनियात किमान.२३ व्यास लागतो, कोलोरॅडोत किमान.२४ व्यास, हरणासाठी किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे एकक) प्रसरण पावणारी गोळी आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. ओहायोत आणि मिशिगनच्या दक्षिण भागात रायफल वापरायची तर ती सरळ भिंतीच्या, म्हणजे ज्याची पुंगळी तोंडाशी निमुळती होत नाही अशा, काडतुसाची असावी लागते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळीच वापरता येते.

*तपासणी :* आपल्या राज्याच्या वन्यजीव विभागाची या वर्षीची नियमपुस्तिका उघडा आणि किमान व्यास, काडतुसाचा प्रकार, गोळीचा प्रकार, मुलाच्या वयानुसार सोबत असण्याची अट या चार गोष्टी एका कागदावर लिहून काढा. शेजाऱ्याने सांगितलेला नियम पाच वर्षांपूर्वीचा असू शकतो.

टप्पा २ : मुलाचे माप घ्या

रायफलच्या ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या अंतराला ‘लेंग्थ ऑफ पुल’ म्हणतात. प्रौढांच्या रायफलीत हे अंतर साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते. दहा-बारा वर्षांच्या बहुतेक मुलांना बारा ते साडेबारा इंच योग्य पडते. हे माप घरीच घ्यावे: मुलाने कोपर काटकोनात वाकवावे, आणि कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत टेप धरावी. माप टी-शर्टवर घेतले तर नंतर सीझनमध्ये घालायचा जाड कोट चढवून ते पुन्हा पाहावे, कारण विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरमधला कोट सहज अर्धा इंच खातो.

दस्ता लांब असला की काय होते ते एकदा बाजूला उभे राहून पाहण्यासारखे आहे. मूल कमरेतून मागे झुकते. दस्त्याचे टोक खांद्याच्या खळग्यात न बसता दंडाच्या हाडावर सरकते. डोळा स्कोपपर्यंत पोहोचत नाही म्हणून मान पुढे ताणली जाते आणि गाल दस्त्यावरून उचलला जातो. अशा अवस्थेत बार उडाला की दंडावर काळानिळा डाग आणि भुवईवर स्कोपच्या कडेचा अर्धचंद्र उमटतो. मग घरी येऊन पालक म्हणतात, की काडतूस फार जोरदार होते. काडतूस अनेकदा ठीकच असते, जास्त असतो तो दस्त्याचा दीड इंच.

मुले वाढतात, म्हणून ज्या दस्त्यात मागे चकत्या घालून लांबी वाढवता येते असा दस्ता शोधावा. मॉसबर्ग कंपनीच्या बँटम प्रकारात ही लांबी बारा ते तेरा इंचांमध्ये बदलता येते. रुगर कंपनीच्या अमेरिकन कॉम्पॅक्टचा दस्ता मुळातच साडेबारा इंचांचा आहे. जुनी रायफल घरात असेल तर तिचा लाकडी दस्ता कापण्याऐवजी त्याच रायफलसाठी आखूड सिंथेटिक दस्ता मिळतो का ते आधी पाहावे. कापलेले लाकूड मुलगा सोळा वर्षांचा झाल्यावर परत जोडता येत नाही.

याच वेळी मुलाचा प्रबळ डोळा तपासावा. हात लांब करून दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट ठेवून त्यातून मुलाला तुमच्या नाकाकडे पाहायला सांगा. तुम्हाला त्याचा जो डोळा दिसतो, तो प्रबळ. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर डाव्या खांद्याने शिकवण्याचा विचार आत्ताच करावा, रायफल घेतल्यावर नव्हे.

टप्पा ३ : वजनाचा हिशोब

हलकी रायफल मुलाला सोपी, हा समज सर्वांत महागात पडतो. गोळी आणि दारूच्या वायूंचा जो जोर पुढे जातो, तेवढाच रायफलला मागे ढकलतो. ती जितकी हलकी, तितक्या वेगाने ती खांद्यावर येते. १०० ग्रेनची गोळी सुमारे २,९६० फूट प्रतिसेकंद वेगाने सोडणारे .२४३ विंचेस्टर काडतूस स्कोपसकट साडेसात पौंडांच्या रायफलीतून उडवले, तर धक्क्याची ऊर्जा साधारण ९ फूट-पाउंड येते. तेच काडतूस सहा पौंडांच्या रायफलीतून उडवले तर ती ११ च्या पुढे जाते. म्हणजे दुकानात हातात घेताना जो दीड पौंड नकोसा वाटला, तोच रेंजवर खांदा वाचवतो.

दुसरीकडे, मुलाला उचलताच येत नाही अशी साडेआठ पौंडांची रायफलही कामाची नाही. माझी कसोटी साधी आहे: रिकामी, तपासलेली रायफल मुलाने खांद्याला लावून पाठ मागे न झुकवता वीस ते तीस सेकंद धरावी. ते जमले तर वजन चालेल. शिकारीत तसेही मुलाने हातावर तोलून बार काढायचा नसतो. शूटिंग स्टिक (रायफल टेकवायची काठी) किंवा ब्लाइंडच्या, म्हणजे शिकाऱ्याने लपून बसायच्या खोपटाच्या, खिडकीची कड आधाराला असते. म्हणून स्कोप धरून सात ते साडेसात पौंड हा पल्ला मी बहुतेक मुलांसाठी सुचवतो. लहान रायफल आधीच घेऊन झाली असेल, तर दस्त्याच्या पोकळीत वजन भरून ती जड करता येते.

दस्त्याच्या टोकाला लावायचा रबराचा चांगला रिकॉईल पॅड ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. नळीच्या तोंडाला बसवायच्या मझल ब्रेकबाबत मात्र सावध राहावे. तो धक्का खरोखर कमी करतो, पण वायू बाजूला फेकल्यामुळे आवाज मुलाच्या आणि शेजारी बसलेल्या पालकाच्या कानांवर अधिक येतो. सेंटरफायर रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० च्या वरचा एकच ठोका श्रवणाला इजा करू शकतो. मुले ज्याला ‘लाथ मारते’ म्हणतात त्यात या आवाजाचा वाटा मोठा असतो. ब्रेक नसलेली, योग्य मापाची, जराशी जड रायफल मला केव्हाही जास्त पसंत आहे.

टप्पा ४ : काडतूस कोणते

आता काडतूस. साडेसात पौंडांची रायफल धरली, तर अंदाजी धक्का असा येतो: .२४३ विंचेस्टर ९ फूट-पाउंड; .३५० लेजंड ८ ते ९, ६.५ क्रीडमूर १४० ग्रेनसह १२ च्या पुढे. ७ मिमी-०८ रेमिंग्टन १४० ग्रेनसह १३ ते साडेतेरा. तुलनेसाठी, १८० ग्रेनची गोळी उडवणारी .३०-०६ रायफल आठ पौंडांची असूनही २० फूट-पाउंड देते. पहिल्या सीझनसाठी १० च्या आतबाहेर राहावे, आणि १५ च्या वर जाऊ नये, असे माझे मत आहे.

.२४३ हे १९५५ पासूनचे काडतूस आहे, जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळते, आणि व्हाइटटेल हरणासाठी पुरेसे आहे, या अटीवर की अंतर आवाक्यात ठेवले आणि गोळी योग्य निवडली. त्याची खोट एवढीच, की चुकीच्या जागी लागलेल्या गोळीला ते माफ करत नाही. ७ मिमी-०८ चा फायदा वेगळा आहे. त्यात १२० ग्रेनची, मुद्दाम मंद केलेली काडतुसे मिळतात, ज्यांचा धक्का .२४३ इतकाच पडतो. तीन वर्षांनी मूल मोठे झाले की त्याच रायफलीत पूर्ण ताकदीचे १४० ग्रेनचे काडतूस घालता येते. एकच रायफल घ्यायची असेल आणि मूल बारा-तेराचे असेल, तर मी याच बाजूने झुकतो. दहा वर्षांच्या लहानखुऱ्या मुलासाठी .२४३.

सरळ भिंतीच्या काडतुसाची अट असलेल्या राज्यांत .३५० लेजंड हा मुलांसाठी सोयीचा पर्याय आहे. ते २०१९ मध्ये आले, धक्का सौम्य आहे, पण त्याची गोळी लवकर मंदावते. १५० यार्डांपलीकडे मुलाच्या हाती ते देऊ नये. .२२३ जिथे कायदेशीर आहे तिथेही पहिल्या हरणासाठी मी ते टाळतो. अनुभवी हात त्याने नीट काम करतो, नवख्या हाताला चुकीला जागा उरत नाही.

इशारा : .२४३, ७ मिमी-०८ आणि .३०८ ही तिन्ही काडतुसे एकाच पुंगळीच्या घराण्यातली आहेत आणि खिशातून काढल्यावर सारखीच दिसतात. पुंगळीच्या बुडावर कोरलेले नाव आणि नळीवर कोरलेले नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. बेंचवर एका वेळी एकाच प्रकारच्या काडतुसांचा डबा ठेवावा.

टप्पा ५ : गोळी निवडताना

काडतूस बरोबर आणि गोळी चूक, ही गफलत .२४३ मध्ये सर्रास होते. या काडतुसात ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्याही मिळतात, त्यांचा धक्का आणखी कमी असतो, आणि डब्यावरचा वेग पाहून पालक खूश होतात. त्या गोळ्या कोयोटी आणि प्रेअरी डॉगसाठी बनवलेल्या असतात; हरणाच्या खांद्यावर त्या वरच्या वर फुटतात आणि जखमी जनावर पळून जाते. हरणासाठी ९० ते १०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची, लागल्यावर उमलणारी) किंवा जोडलेल्या गाभ्याची गोळी घ्यावी. फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूच्या आवरणाची, न उमलणारी) गोळी लक्ष्यावर सरावासाठी ठीक आहे. शिकारीला ती अनेक राज्यांत बेकायदा आहे आणि सर्वत्र अयोग्य.

तांब्याच्या गोळीचा विचार कॅलिफोर्नियाबाहेरही करावा. शिशाचे बारीक कण जखमेपासून दूरवर मांसात पसरतात, आणि ते मांस घरातली लहान मुलेच खाणार असतात. .२४३ मध्ये ८० ते ८५ ग्रेनची तांब्याची गोळी चांगली चालते. वजन कमी असल्याने धक्काही थोडा उतरतो. फक्त एक लक्षात ठेवावे: तांब्याला उमलायला वेग लागतो, म्हणून मंद केलेल्या काडतुसात तांब्याची गोळी आणि लांबचे अंतर हा मेळ बसत नाही.

*तपासणी :* गोळी ठरली की त्याच डब्याचे, शक्य तर त्याच लॉटचे निदान तीन डबे एकदम घ्यावेत. ब्रँड किंवा वजन बदलले की गोळी लागण्याची जागा बदलते.

टप्पा ६ : सराव, आणि त्यात दचकण्याची परीक्षा

पहिला महिना मोठ्या रायफलला हात लावू नये. .२२ लाँग रायफलवर श्वास, ट्रिगर आणि सेफ्टी यांची सवय लावावी. शंभर बार काढले तरी खांद्याला कळत नाही. त्यानंतर मोठ्या रायफलीचा कोरडा सराव: खोलीत एकही खरे काडतूस नाही, चेंबर दोघांनी पाहिलेले, नळी सुरक्षित दिशेला, आणि आत डमी काडतूस. रोज दहा वेळा पुरे.

रेंजवर पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीचे पाचच बार, आणि तेही बेंचवर वाकून नव्हे. बेंचवर रेलून बसलेल्या शरीराला मागे डोलता येत नाही, सगळा धक्का खांदा खातो. मुलाला ताठ बसवून किंवा स्टिकच्या आधाराने उभे करून सुरुवात करावी. कानांत फोमचे प्लग आणि वर इअरमफ, दोन्ही. डोळ्यांवर चश्मा.

आता परीक्षा. मुलाने मान वळवली असताना तुम्ही मॅगझिनमध्ये खरी आणि डमी काडतुसे मिसळून भरा, आणि मग मुलाचा चेहरा न पाहता नळीचे तोंड पाहा. डमी काडतुसावर ‘टक्’ असा आवाज होऊन नळी जागच्या जागी स्थिर राहिली तर ठीक. ती खाली बुचकळली तर मूल दचकते आहे, हे त्याने कितीही नाकारले तरी. माझ्या मुलीच्या बाबतीत पहिल्याच डमीवर नळी चांगली दोन इंच खाली गेली, आणि तिचा चेहरा इतका पडला की मी त्या दिवशी रायफल पेटीत घालून परतलो. पुढचे तीन आठवडे फक्त .२२ आणि मंद काडतुसे. हेच करायचे असते. ‘अजून दोन काढ, सवय होईल’ असे म्हणून सवय दचकण्याचीच होते.

टप्पा ७ : स्कोप बसवणे आणि साइट-इन

स्कोप मुलाच्या डोळ्याला बसवायचा, तुमच्या नव्हे. कोट घातलेल्या मुलाने डोळे मिटून गाल दस्त्यावर ठेवावा आणि मग डोळे उघडावेत. मान न हलवता पूर्ण गोल चित्र दिसले तर स्कोप जागेवर आहे. डोळा आणि काच यांत साडेतीन इंचांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. भिंग सर्वांत कमी आकड्यावर ठेवून शिकवावे. ९ वर ठेवलेल्या स्कोपात मुलाला हरीण सापडतच नाही.

साइट-इनचे, म्हणजे स्कोपचा नेम गोळी लागण्याच्या जागेशी जुळवण्याचे, बार मोठ्या माणसाने काढावेत, खांदा आणि दस्ता यांच्यात वाळूची पिशवी ठेवून. सुरुवात २५ यार्डांवर, मग १०० यार्डांवर. पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे इथे कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) स्कोपचा एक क्लिक १०० यार्डांवर गोळी पाव इंच सरकवतो, पण २५ यार्डांवर फक्त एक षोडशांश इंच; त्यामुळे जवळ एक इंचाच्या चुकीला चार नव्हे, सोळा क्लिक लागतात. हे विसरल्याने डबाभर काडतुसे वाया गेलेली मी पाहिली आहेत. शेवटचे तीन बार मुलानेच काढावेत, कारण गालाची जागा बदलली की स्कोपचा जुळवलेला नेमही थोडा बदलू शकतो.

टप्पा ८ : मुलाचे अंतर ठरवणे

डब्यावर ३०० यार्डांपर्यंतचे आकडे असतात. ते काडतुसाचे अंतर आहे, मुलाचे नव्हे. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे पुढच्या पायामागे साधारण आठ इंचांच्या वर्तुळात असतात. म्हणून आठ इंचांच्या कागदी डिशा ५०, ७५ आणि १०० यार्डांवर लावाव्यात. मुलाने कोट, हातमोजे आणि स्टिकसह पाच बार काढावेत. पाचही डिशमध्ये लागले ते शेवटचे अंतर, तेच त्या वर्षाचे अंतर. चारच लागले तर त्याहून जवळच्या अंतरावर यायचे. बहुतेक मुलांचे पहिल्या वर्षीचे उत्तर ७५ येते आणि त्यात कमीपणा नाही. ते अंतर ब्लाइंडमध्ये बसल्यावर झाडांच्या खुणांनी ठरवून ठेवावे, आणि हरीण आडवे उभे असेल तरच बार काढू द्यावा. चेंबरमध्ये काडतूस ब्लाइंडमध्ये स्थिरावल्यावरच भरावे. ट्री-स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) चढताना रायफल रिकामी आणि दोरीने वर घ्यावी.

प्रत्यक्ष हरीण समोर आल्यावर मुलाला धक्का जाणवतही नाही, हे खरे आहे. पण त्या क्षणी नेम टिकतो तो आधीच्या दोन महिन्यांच्या जोरावर, म्हणून सरावात काटकसर करू नये.

सीझन संपल्यावर

रायफल रिकामी करून कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलाला माहीत नसलेल्या जागी. वापरलेल्या डब्यावर तारीख, अंतर आणि स्कोपचे क्लिक लिहून ठेवावेत. पुढच्या सप्टेंबरला दस्त्याची लांबी पुन्हा मोजायची आहे, तेव्हा ते कामी येतील.

आणि डिसेंबरमध्ये भारतात जाणार असाल तर शिकारीला वापरलेला प्रत्येक कोट, पाठपिशवी आणि कंबरपट्टा उलटा करून झटकावा. खिशाच्या शिवणीत अडकलेले एकच काडतूस मुंबईच्या विमानतळावरच्या स्कॅनरमध्ये दिसते, आणि तिथे शस्त्र अधिनियम १९५९ खाली पोलिसांना उत्तर देत बसण्याची वेळ येते. शक्यतो ती पाठपिशवी प्रवासाला नेऊच नये.